नोड-टार आठ महिने वापरल्यावर: मी एका स्लॅशवर अडून बसले आहे

दांडिया बाजारात माझ्या मामांचा ऑफसेट छापखाना आहे. गिऱ्हाइकं आणि बाहेरचे डिझायनर पत्रिकेची फाइल, फॉन्ट, फोटो सगळं एका टारमध्ये (अनेक फाइलींचं एकच गाठोडं) बांधून आमच्या पोर्टलवर चढवतात. सर्व्हर ते सोडवून प्रूफवाल्याच्या फोल्डरमध्ये ठेवतो. हे पोर्टल आठ महिन्यांपूर्वी माझ्या गळ्यात पडलं. नोड-टार म्हणजे सर्व्हरवरच्या नोड.जेएस कोडमधून असे टार बांधणारं-सोडवणारं फुकट पॅकेज; एनपीएम या पॅकेज-भांडारात त्याचं नाव नुसतं ‘टार’ आहे.

तुळशीच्या लग्नानंतरच्या आठवड्यात, ऐन लग्नसराईत, सर्व्हर सकाळी उठलाच नाही. चूक माझीच. आदल्या रात्री एनपीएम ऑडिटने (पॅकेजांमधले सुरक्षेचे दोष तपासणारी आज्ञा) टारच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘हाय’, म्हणजे गंभीर, दाखवलं. साध्या ऑडिट फिक्सने काही हललं नाही, म्हणून मी जबरदस्तीने बदल करणारा --फोर्स लावला. नोड-टारच्या आधाराने टार उघडणारं जे छोटं पॅकेज आम्ही वापरतो त्याची मोठी आवृत्ती बदलली, आमच्या कोडमधली ते पॅकेज बोलावणारी जुनी रिक्वायरची ओळ चालेना. मामांचा फोन आला, “अगं, बारा पत्रिकांची प्रूफं अडकलीत, तुझी लाल अक्षरं नंतर बघ.” जुनी लॉकफाइल (पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) गिटमधून परत आणली, एनपीएम सीआयने त्याच आवृत्त्या पुन्हा बसवल्या, साडेअकराला गाडी रुळावर आली. नोड-टारला पाचपैकी दोन तारे द्यायचे, एवढं तेव्हाच ठरवलं होतं.

मग त्या लाल अक्षरांमागचं वाचलं. दोषाचा जाहीर नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२१-३२८०४. टारमधल्या फाइलच्या नावाची सुरुवात स्लॅशने होत असेल, तर नोड-टार तो स्लॅश काढून टाकतं, म्हणजे फाइल तुम्ही दिलेल्या फोल्डरच्या आतच पडते. जुन्या आवृत्त्या हा स्लॅश एकदाच काढत. नावापुढे चार स्लॅश असले तर एक निघे, तीन उरत, आणि तीन स्लॅशवालं नावही डिस्कच्या मुळापासून सुरू होणाराच रस्ता असतं, दिलेल्या फोल्डरच्या आतला नाही. फाइल थेट तिथे जाऊन बसे.

विश्वास बसेना, म्हणून जुन्या लॅपटॉपवर करून पाहिलं. जीएनयू टारला -पी दिलं की तो पुढचे स्लॅश ठेवतो. --ट्रान्सफॉर्मने नावापुढे चार स्लॅश लावले आणि ते टार आमच्याच कोडने उघडलं. चाचणीसाठी बनवलेल्या यूजरची .बॅशआरसी (शेल उघडताच चालणारी फाइल) पुसून तिथे माझी एक ओळ आली. एरर नाही, थांबणं नाही. सूचना असते, पण ऑनवॉर्न हा सूचना ऐकणारा पर्याय दिला असेल तरच कानावर येते, आणि आमच्या कोडमध्ये तो नव्हता. त्या जागी ऑथोराइज्ड_कीज (कुणाला लॉगिन करू द्यायचं त्या किल्ल्यांची फाइल) असती, तर कुणीही पत्रिकेची फाइल चढवून सर्व्हरमध्ये लॉगिन करू शकलं असतं. त्यात आमची प्रोसेस रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरने, चालत होती! रात्रभर मला हेच दिसत होतं. गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर, मुलींचे फोटो, सगळं त्याच मशीनवर आहे.

दुसऱ्या दिवशी मत थोडं बदललं. दुरुस्ती २०२१ पासूनच तयार होती: रस्ता सापेक्ष, म्हणजे दिलेल्या फोल्डरपासून मोजला जाणारा, होईपर्यंत पुढचा स्लॅश पुन्हापुन्हा काढत राहायचं. आणि ती फक्त नव्या ६.१.१ मध्ये नव्हती, ३.२.२, ४.४.१४ आणि ५.०.६ मध्येही दिली होती. फुकट मिळणाऱ्या पॅकेजच्या चार-चार मालिका कुणीतरी बसून दुरुस्त केल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं. विकत घेतलेल्या प्रिंटर ड्रायव्हरसाठी आम्हाला हे कधी मिळालेलं नाही. गोची आमच्याकडे होती: त्या छोट्या पॅकेजने टार ४.४.१३ असा नेमका आकडा बांधून ठेवला होता. वर मी स्वतः टारची नवी आवृत्ती घातली होती, म्हणून निश्चिंत होते. कोणत्या आवृत्त्या बसल्या आहेत ते दाखवणारं एनपीएम एलएस टार चालवल्यावर कळलं की पॅकेजांच्या झाडात टार दोन आहेत आणि गिऱ्हाइकाची फाइल उघडतो तो जुना.

पॅकेजांमधले दोष शोधणारा स्कॅनर पैसे मोजून घेणं मामांना परवडत नाही आणि मलाही पटत नाही. पॅकेजांची यादी असलेल्या पॅकेज.जेसनमध्ये ओव्हरराइड्स (आतल्या पॅकेजची आवृत्ती आपणच ठरवण्याची सोय) लिहून त्या फांदीला ४.४.१९ घातलं, मधल्या आकड्यांत सिमलिंकमधून (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद) फोल्डरबाहेर पडण्याच्या वाटाही बुजवल्या आहेत. टार सोडवायला वेगळा यूजर केला, त्याला एकाच तात्पुरत्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी. सिमलिंक आणि हार्डलिंक असलेल्या नोंदी फिल्टरमध्येच गाळते. पत्रिकेला लिंक कशाला लागते? चार स्लॅशवालं टार परत चढवलं. फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्येच पडली. ते टार मी जपून ठेवलंय, प्रत्येक बदलानंतर आधी तेच चढवते.

आता चार तारे. पण चौथ्या मालिकेवर कायम राहता येणार नाही: २०२४ मध्ये फोल्डरच्या खोलीला मर्यादा नसण्याचा दोष ६.२.१ मध्ये दुरुस्त झाला, तो माझ्या ४.४.१९ मध्ये तसाच आहे. एखादं हजारो फोल्डर आत-आत बांधलेलं टार आलं तर आमचा एक जीबीचा भाड्याचा सर्व्हर मेमरी संपून बसेल. ते छोटं पॅकेज काढून सरळ नोड-टारची सातवी मालिका वापरायची आहे. मामांनी होळीनंतरचा आठवडा दिलाय, तोवर चढवायच्या फाइलला पन्नास एमबीची मर्यादा घातली आहे आणि रोज रात्री लॉग वाचते आहे.