नॉट्स की कोअर? घरचा बिटकॉइन नोड काही महिने चालवल्यानंतर

बिटकॉइनचा नोड, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही (साखळी) स्वतः ठेवून तपासणारं मशीन, चालवायचा म्हटलं की हल्ली पहिली चौकशी मशीनची होत नाही. ‘कोअर की नॉट्स?’ असं विचारतात (नोड चालवायचे दोन प्रोग्राम, नॉट्स हे कोअरवरूनच बनवलेलं), आणि उत्तरावरून तुम्ही कोणत्या गटातले ते ठरवून टाकतात. मी आधी नॉट्स चालवलं, आता कोअरवर आहे. जुना मिनी पीसी, त्यात २ टीबीचा एसएसडी, बस्स.

नॉट्स घेतलं ते वैतागून. २०२३ च्या जानेवारीत ऑर्डिनल्स नावाची पद्धत आली, लोक चित्रं आणि टोकन थेट साखळीवर लिहायला लागले, फी वाढली. त्यात कोअरने ऑक्टोबर २०२५ मधल्या ३०.० आवृत्तीत ओपी रिटर्नची (व्यवहारात डेटा जोडायची जागा) ८३ बाइटची डिफॉल्ट मर्यादा एकदम १ लाखावर नेली. पैशाच्या जाळ्याचं गोदाम का करायचं, हा राग मलाही होता आणि थोडा अजूनही आहे.

नॉट्स वापरायला चांगलं आहे, तक्रार नाही. नको ते व्यवहार अडवणाऱ्या फिल्टरच्या सेटिंग भरपूर, मेमपूल (ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांची रांग) स्वच्छ दिसतो. पण साखळीत नवा ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) आला की दारात अडवलेले पाहुणे मागच्या दाराने येऊन पंगतीत बसलेले असतात. मायनरने (ब्लॉक बनवणाऱ्याने) ब्लॉकमध्ये घेतलेला वैध व्यवहार माझ्या नोडला स्वीकारावाच लागतो, नाही स्वीकारला तर मीच साखळीबाहेर. स्लिपस्ट्रीमसारख्या सेवेतून व्यवहार सरळ मायनरकडे जातो, तिथे माझ्या फिल्टरला कोण विचारतो? वर मेमपूलमध्ये नसलेले व्यवहार ब्लॉक आल्यावर शेजारच्या नोडकडून मागून घ्यावे लागतात. घरी तो उशीर जाणवत नाही, पण डिस्कवरची एक बाइटही वाचत नाही.

आणखी एक गोष्ट भांडणाच्या आवाजात हरवते. ऑर्डिनल्सची चित्रं ओपी रिटर्नमध्ये नसतातच, ती विटनेसमध्ये (व्यवहारातल्या सह्यांच्या भागात) असतात. २०१७ च्या सेगविट या बदलापासून फी मोजताना तिथल्या बाइटचं वजन चौथाई धरलं जातं. म्हणजे मोठं चित्र टाकणाऱ्याला ओपी रिटर्न महागच पडतं, मर्यादा उठवली तरी. कोअरवाल्यांचा मुद्दा वेगळा होता: ओपी रिटर्न अडवलं तर लोक खोटे पत्ते बनवून त्यात डेटा कोंबतात. ते पैसे कधीच खर्च होत नाहीत, आणि न खर्चलेल्या नाण्यांच्या यादीत कायमचे राहतात. ती यादी प्रत्येक नोडला सांभाळावी लागते. ओपी रिटर्न त्या यादीत जातच नाही. मला हे पटलं. मात्र एवढा विरोध असताना तो बदल ज्या घाईने आणि ज्या तोऱ्यात पुढे नेला, ते अजिबात आवडलं नाही.

तरी नॉट्स सोडलं ते विश्वासाच्या हिशोबाने. नॉट्सचा कारभार मुख्यतः ल्यूक डॅशयर या एका माणसावर चालतो. जुना, जाणता डेव्हलपर. पण २०२३ च्या सुरुवातीला त्यानेच सांगितलं होतं की त्याची पीजीपी की (डिजिटल सहीची गुप्त किल्ली) चोरांच्या हाती लागली आणि २०० हून अधिक बिटकॉइन गेले. ही टिंगल नव्हे. इतक्या मुरलेल्या माणसाचं असं होतं, तर एकाच माणसावर सगळं का टेकवायचं? कोअरमध्ये वेगवेगळे लोक आपापल्या मशीनवर तोच कोड बिल्ड करतात, हॅश (फाइलचा ठसा) जुळला तरच सह्या करतात. अपडेट टाकण्याआधी मी त्यातल्या काही सह्या तपासतो. कंटाळवाणं काम आहे, चहा होईपर्यंत उरकतं.

कोअर निर्दोष आहे असं मात्र समजू नका. जानेवारी २०२६ मध्ये कळलं की ३०.० आणि ३०.१ मध्ये जुनं वॉलेट नव्या प्रकारात नेताना ते फसलं, तर क्वचित प्रसंगी वॉलेटच्या फायलीच पुसल्या जातात. डाउनलोड काढून घेतले, मग ३०.२ आलं. माझ्या चाव्या हार्डवेअर वॉलेटवर, नोडवर वॉलेटच नाही, त्यामुळे झळ लागली नाही. नोडवरच वॉलेट ठेवत असाल तर बॅकअपशिवाय अपडेटला हात लावू नका.

ज्यांना जुनी मर्यादा हवी, त्यांनी कॉन्फिग फाइलमध्ये ‘डेटाकॅरिअरसाइझ’ ८३ करावं, कोअर ३० मध्येही चालतं. मी तसंच ठेवलंय. उपयोग फारसा नाही हे माहीत असून. माझं मशीन, माझी मर्जी. डेटावर ठरावीक काळ बंदी घालणाऱ्या सॉफ्ट फोर्कचा (बिटकॉइनचे नियम कडक करणाऱ्या बदलाचा) प्रस्तावही फिरतोय, तो मी चालवणार नाही. आज वैध असलेला व्यवहार गर्दीच्या रागापोटी उद्या अवैध ठरवायचा, हे मला स्पॅमपेक्षा जास्त धोक्याचं वाटतं.

आणि हो, १ टीबीचा एसएसडी घेऊ नका. साखळीच ७०० जीबीच्या आसपास गेली आहे.