लोकल की घरचा लॅपटॉप?

ऑफिसने हायब्रिड दिलंय, दिवस तुमचे तुम्ही ठरवा म्हणालेत, आणि तुम्ही राहता डोंबिवलीला. वेळेचा हिशोब मांडला तर घर सहज जिंकतं. सीएसएमटीपर्यंत फास्ट लोकलने तासाभराहून जास्त, वर रिक्षाची रांग, पूल, धक्के. जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. घरून काम केलं की तेवढी झोप होते आणि पाठही वाचते.

पण ते वाचलेले तास आपल्या हाती लागत नाहीत. मी दोन वर्षं पूर्णपणे घरून काम केलं. महिन्याभरात कुरिअर, गॅसवाला, शेजारणीची किल्ली, सासऱ्यांचा अकराचा चहा, सगळं माझ्याकडे आलं. का, तर 'ती घरीच असते'. मीटिंगमध्ये म्यूटवर राहून मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचे. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांची ८८. आपण घरी बसलो म्हणून ही वाटणी सुधारेल, असं माझ्या तरी अनुभवाला आलं नाही.

लोकल रम्य अजिबात नाही. लेडीज डब्यातल्या मैत्रीवर भरभरून लिहिणारे सकाळी साडेआठची गाडी पकडत नसावेत. तरी त्या तासाभरात चहा मागायला कोणी येत नाही. परतीला तिघींच्या बाकावर टेकायला चौथी सीट मिळाली तर मटार सोलून होतात, बॉसची गाऱ्हाणी सांगून होतात, आणि घराची बेल वाजवेपर्यंत ऑफिस डोक्यातून उतरलेलं असतं. घरून काम करताना लॅपटॉप मिटला की थेट कणीक.

म्हणून अंतर नंतर बघा. आधी बघा, घरात आतून कडी लावता येईल अशी खोली आहे का, आणि दुपारचं घरचं काम कोण बघतं. दोन्ही नसेल तर ऑफिसचे दिवस वाढवा.

तान्हं मूल असेल तर मात्र घरच, पण मदतीला कुणीतरी हवंच. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चारदा तिथे जायची मुभाही दिली. पण बाळाला कडेवर घेऊन त्या गर्दीत चढणार कोण? रजेनंतर घरून काम करण्याची तरतूदही त्यातच आली, फक्त ते कंपनीशी बोलून ठरवावं लागतं. ते लेखी घ्या.

मी सध्या मंगळवार ते गुरुवार जाते. सासऱ्यांचा अकराचा चहा थर्मासमध्ये असतो, मी घरी असले तरी.