गाडीच्या पोटाखाली पन्हळी शीट

जाहिरातीचे बोर्ड बनवायला वापरतात ती पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची पन्हळी शीट मी हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून माझ्या जुन्या हॅचबॅकच्या इंजिनाखाली लावली आहे. जुन्या गाड्यांचं पोट उघडंच असतं. सायलेन्सर, क्रॉसमेंबर (सांगाड्याचे आडवे दांडे), पाइप, सगळ्यांत वारा अडकतो. मागच्या स्पॉयलरपेक्षा, म्हणजे डिकीवरच्या पंखासारख्या पट्टीपेक्षा, खाली लक्ष दिलेलं बरं. (बाजारात मिळणारे बरेच स्पॉयलर निव्वळ शोभेचे, हे माझं ठाम मत.)

शीट वजनाला नगण्य, साध्या कटरने कापता येते आणि पाण्याने खराब होत नाही. शीटमधल्या पन्हळी गाडीच्या लांबीच्या दिशेनेच ठेवा, आडव्या ठेवल्या तर वाऱ्याच्या दाबाने शीट दुमडते. स्क्रूखाली मोठे वॉशर लागतातच, नाहीतर भोकं फाटत जातात. पुढची कड बंपरच्या आत खोचा, वाऱ्यात मोकळी सोडू नका.

मोठा दोष उष्णतेचा. हे प्लास्टिक साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. एक्झॉस्टजवळ ते चालणार नाही, तिथे ॲल्युमिनियमचा पत्राच घ्या. रेडिएटरमधून आलेल्या गरम हवेला मागे वाट ठेवा आणि सुरुवातीला तापमानाच्या काट्यावर नजर असू द्या.

हायवेवर आवाज कमी झाला, हे नक्की जाणवतं. मायलेजचा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही; टायरमधली हवा आणि उलटा वारासुद्धा तो बदलतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, त्यामुळे फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्यांनी ही खटपट करू नये.

आणि ऑइल बदलताना ते काढायच्या नटाखाली शीटमध्ये उघडता येईल अशी झडप आधीच कापून ठेवा. मेकॅनिक दुवा देईल.