२४ सेकंदांचं शॉट क्लॉक : १९५५ च्या अंतिम मालिकेतली कसोटी

रिंग आणि बोर्ड सोडले, तर बास्केटबॉलच्या सर्वांत कामी आलेलं उपकरण म्हणजे शॉट क्लॉक, चेंडू ताब्यात आल्यावर ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारं घड्याळ. पाचपैकी पाच गुण. पहिल्याच मोसमात, १९५५ च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अंतिम मालिकेत, त्याचा कस लागला.

त्याआधी आघाडी मिळाली की संघ चेंडू नुसता फिरवत बसायचे. तो परत मिळवायचा तर समोरच्यांना फाउल करण्यावाचून गत्यंतर नसे. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेननं मिनियापोलिसला १९-१८ असं हरवलं. पूर्ण सामन्यात दोघांचे मिळून ३७ गुण! सिरॅक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट होतात. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद, भागिले १२०, उत्तर २४. १९५४-५५ मध्ये नियम लागू झाला आणि एका सामन्यातली संघामागची गुणांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ वर गेली.

अंतिम फेरीत बियासोन यांच्याच संघापुढे फोर्ट वेन पिस्टन्स उभे राहिले. पिस्टन्सच्या मैदानात बोलिंगची (चेंडूनं पिना पाडायच्या खेळाची) स्पर्धा असल्यामुळे त्यांना घरचे सामनेही इंडियानापोलिसला खेळावे लागले. तरी सातही सामने यजमानांनीच जिंकले आणि सर्वांत मोठा फरक होता सात गुणांचा. सातव्या सामन्यात, दुसऱ्या क्वार्टरमध्ये, पिस्टन्स ४१-२४ असे पुढे होते. आदल्या मोसमात त्यांनी एवढी आघाडी चेंडू दाबून सांभाळली असती. आता २४ सेकंदांत शॉट घेणं भाग होतं. तो हुकला आणि रिबाउंड (उसळून परतलेला चेंडू) मिळाला की सिरॅक्यूजला नवी संधी. १२ सेकंद उरले असताना सिरॅक्यूजच्या जॉर्ज किंगनं फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) टाकून ९२-९१ केले, लगेच पिस्टन्सच्या अँडी फिलिपकडून चेंडू हिसकावला आणि विजेतेपद सिरॅक्यूजचं झालं.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. घड्याळ शॉट घ्यायला लावतं, बास्केट करून देत नाही. याच मालिकेतला पाचवा सामना ७४-७१ असा संपला. शिवाय ते एकटं पुरत नाही. त्याच मोसमात प्रत्येक क्वार्टरमध्ये संघाच्या फाउलवर मर्यादा आली. ती नसती, तर शॉटआधीच फाउल करून खेळ तोडणं चालूच राहिलं असतं. श्रेय देताना हा दुसरा नियम हटकून विसरला जातो.

आपल्याकडे क्लबसाठी घ्यायचं असेल, तर २४ आणि १४ सेकंदांची रीसेट बटणं वेगळी हवीत. चेंडू रिंगला लागून पुन्हा आक्रमक संघाकडेच आला, की १४ लावायचे असतात. एकच बटण असलं की ऑपरेटर घाईत २४ लावतो आणि संघाला दहा सेकंद फुकट मिळतात. क्वार्टरच्या शेवटी १४ पेक्षा कमी सेकंद उरले असताना नव्यानं ताबा मिळाला, तर आकडे बंद करायची सोयही तपासून घ्या.