परिसर निधी : ओपन जिम की पदपथ?

परिसर सुधारणेच्या निधीची बैठक लागली की ओपन जिम आणि पदपथ ही दोन नावं हमखास पुढे येतात. आमच्याकडे जिम आधीच्या निधीतून झाली होती. पुढच्या खेपेला मी पदपथाच्या बाजूनं हात वर केला. दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे म्हणून लिहितो.

जिमची बाजू लंगडी नाही. काम झटपट होतं, डोळ्यांना दिसतं. सकाळी ज्येष्ठ मंडळी जमतात, संध्याकाळी पोरं. एरवी जिन्यातही न बोलणारी माणसं तिथं गप्पा मारताना मी पाहिली आहेत. पदपथाला हे जमत नाही.

माझं मत फिरवलं ते दुरुस्तीनं. चालण्याच्या यंत्राचं बेअरिंग गेलं. आधी नुसती किरकिर, मग पाय ठेवायची फळी एका अंगाला कलली, आणि शेवटी कुणीतरी ती नायलॉनच्या दोरीनं खांबाला बांधून टाकली. बदलायचा भाग मुठीत मावेल एवढा! पण निधी खरेदीचा होता, देखभालीचा नव्हता. हमीची मुदत संपलेली. पुरवठादार म्हणाला, नवीन यंत्रच घ्या. पुढच्या निधीत जुन्याची दुरुस्ती बसेना. लहान मुलं त्या लोंबत्या फळीवर चढायची तेव्हा जीव वर-खाली व्हायचा.

पदपथालाही त्रास चुकलेला नाही. केबल टाकणारे उकरतात, खालची वाळू नीट न दाबताच ब्लॉक बसवतात आणि पहिल्याच पावसात तिथं खळगा पडतो. पण तेच ब्लॉक काढून, वाळू सारखी करून पुन्हा बसवता येतात. सुट्या भागाची वाट पाहावी लागत नाही.

फक्त टोकांचे उतार आराखड्यातच लिहून घ्या. व्हीलचेअरसाठी १:१२ हे प्रमाण सर्रास धरतात, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीला १.८ मीटर लांबीचा उतार. ही जागा आधी राखली नाही, तर नंतर घसरगुंडीसारखा तुकडा ओतून मोकळे होतात.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून रहिवासी अंदाजपत्रकातली कामं ठरवू लागले. तिथंही सुरुवातीला पाणी, सांडपाणी आणि पक्के रस्ते यांचाच आग्रह होता. मला ते पटतं. काठी टेकत जाणारी आजी बैठकीला येत नाही, पण पदपथ तिला रोज लागतो.

तुमच्याकडे मोकळी जागा असेल आणि देखभालीची रक्कम वेगळी काढायची तयारी असेल, तर जिमही चांगलीच ठरेल. निधी एकदाच मिळणार असेल तर मी पदपथच घेईन. तरीही जिमकडेच कल असेल, तर मत देण्याआधी सुटे भाग किती वर्षं मिळतील आणि ते कोण बसवून देईल, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या.