प्रश्नवही : आठ महिने वापरल्यावर

पुण्यात गच्चीवर बाग करणाऱ्यांचा आमचा एक लहानसा कट्टा आहे. रविवारी सकाळी कुणाच्या तरी गच्चीवर जमायचं, रोपं-बियांची देवाणघेवाण करायची, चहा प्यायचा. नोव्हेंबरपासून तिथे एक प्रश्नवही ठेवली आहे. जाड पुठ्ठ्याची, 200 पानी, दुकानात हिशेबाला असते तसली. एका प्रश्नाला एक पान, सुरुवातीला अनुक्रमणिका.

ती आणावी लागली, कारण तेच ते प्रश्न. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की पुढच्या पंधरवड्यात नवी मंडळी येतात आणि ‘आणलेला गुलाब माना टाकतोय’ हे चार-पाच जणांकडून ऐकू येतं. गेल्या वर्षी आमच्यातल्या एकाने एका काकूंना ‘अहो, मागच्याच रविवारी सांगितलं की सगळ्यांना’ असं सुनावलं. काकू मागच्या रविवारी नव्हत्याच. पुढेही आल्या नाहीत.

पहिले दोन महिने वही कुणी उघडलीच नाही. चूक माझी. मी मथळे घातले होते ‘पिठ्या ढेकूण’, ‘फुलकिडे’, ‘नत्र जास्त’. विचारणारा म्हणतो, ‘जास्वंदीला कापूस लागलाय.’ तो पिठ्या ढेकूण आहे हे ज्याला कळतं, तो विचारायला येतोच कशाला? मग जानेवारीत अनुक्रमणिकेवर चिकटपट्ट्या लावून लोकांचेच शब्द लिहिले: ‘कापूस लागलाय’, ‘कळ्या गळतात’, ‘खताच्या डब्याला वास येतो’, ‘कढीपत्ता हलतच नाही’. तेव्हापासून मंडळी चहा येईपर्यंत आपणहून पानं चाळतात.

दुसरी गोष्ट, ‘वहीत बघा’ हे नुसतं म्हटलं की माणूस हिरमुसतो. त्यामुळे आधी तोंडी एक वाक्य, मग पान. कापसाच्या बाबतीत ते वाक्य असं: बोळ्याला स्पिरिट लावून पुसून काढा आणि झाडावर मुंग्या चढताहेत का बघा. ढेकणांच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो, त्यासाठी मुंग्या त्यांना सांभाळतात. मुंग्या राहिल्या तर ढेकूण परत येतात. एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल, साबणाचे थेंब, ऊन उतरल्यावर फवारणी, आठवड्याने पुन्हा, हे सगळं पानावर.

वहीचं खरं मोल मला ‘कळ्या गळतात’ या पानावर कळलं. तिथे आता चार हस्ताक्षरं आहेत. पहिल्याच्या कळ्यांत फुलकिडे होते. दुसऱ्याची कुंडी एप्रिलमध्ये दुपारपर्यंत कोरडी पडायची. तिसऱ्याच्या शेजारी इमारत उठली आणि ऊन दोन तासांवर आलं. जास्वंदीला पाच-सहा तास तरी लागतं. चौथीने खत इतकं घातलं की नुसता पाला माजला. पहिल्यानंतरच ‘हे विचारून झालंय’ म्हणालो असतो, तर उरलेल्या तिघांनी निंबोळी तेल मारत बसायचं. म्हणून आता आम्हीच उलट विचारतो: ऊन किती तास, कुंडी केवढी, पाणी कधी घालता?

विचारणाऱ्यांनाही वळण लागलंय. ‘पान 12 वाचलं, पुसून काढलं, मुंग्याही नाहीत, तरी परत आलं’ असं कुणी म्हटलं की सगळे चहा ठेवून वाकून फोटो बघतात.

तक्रारी आहेत. वही एकाच घरी राहते आणि पानांना मातीचे ठसे लागलेत. कढीपत्त्याचं पान भरल्यामुळे उरलेलं 143 वर गेलंय, ते कुणाला सापडत नाही. तिथे आंबट ताकावरून दोघांचं शीतयुद्धही चालू आहे, एकाने लिहायचं, दुसऱ्याने खोडायचं. माझं मत विचाराल तर, कढीपत्ता थंडीत स्वस्थ बसतो आणि ऊन वाढलं की फुटतो. जानेवारीत ताक घातलं की मार्चमधल्या पालवीचं श्रेय आयतंच ताकाला मिळतं. पण हे वहीत लिहायची माझी हिंमत नाही.

पुन्हा घेतली तर बांधीव वही घेणार नाही. सुटी पानं लावता येतील अशी फाईल बरी, म्हणजे पान वाढलं की मध्ये घालता येईल.

आता पाऊस सुरू झालाय. गोगलगायींचं पान अजून कोरं आहे आणि काल चौघांनी तोच प्रश्न विचारला.