आप्पांच्या पोटाची तक्रार आणि आमच्या डॉक्टर मॅडम

घरात वयस्कर माणूस असेल आणि सकाळी पोट साफ झालं की नाही यावर त्याचा सगळा दिवस ठरत असेल, तर हे वाचा. कराडला आम्ही ज्या फॅमिली डॉक्टर मॅडमकडे जातो त्यांच्या दवाखान्याबद्दल लिहिते आहे. साधा एका खोलीचा दवाखाना आहे. माझ्या सासऱ्यांची वर्षानुवर्षांची तक्रार तिथे मार्गी लागली. तीही एकही महागडी तपासणी न करता.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. उमेदीची वर्षं कराड-चिपळूण गाडीवर गेली. कुंभार्ली घाटात कळ आली तरी गाडी कुठे थांबवणार? मॅडमनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "गाडी स्टँडला लागेस्तोवर दाबून धरायचं. दुसरं काय करनार?" निवृत्तीनंतर गाडी सुटली, पण तक्रार राहिली. रोज रात्री सोनामुखीचं चूर्ण, सकाळी अर्धा-पाऊण तास आत, आणि बाहेर आल्यावर चेहरा उतरलेला. मी सून, मला कधी काही सांगायचे नाहीत. माझे मिस्टर पुण्याला असतात, त्यांनाच फोनवर सांगायचे.

त्याआधी एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं होतं. तिथे पोटाचा स्कॅन झाला, रक्ताच्या तपासण्यांचं पॅकेज झालं आणि गोळ्यांची चिठ्ठी हातात मिळाली. आप्पांना पोटावर झोपवून किंवा कुशीवर वळवून कोणी तपासलं नाही. दिवसातून किती वेळा जाता, कसं होतं, हेही कोणी विचारलं नाही. याचा राग मला आजही आहे.

मॅडमनी सुरुवातच प्रश्नांपासून केली. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होते का? चारातून एकदा तरी कुंथावं लागतं का? खडा धरतो का? जाऊन आल्यावरही अजून आत राहिलंय असं वाटतं का? कधी बोटाने काढावं लागतं का? यातल्या दोन गोष्टी गेले तीन महिने सतत असतील आणि सुरुवात निदान सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर ती जुनी बद्धकोष्ठता. हे रोम निकष आहेत, जगभरचे डॉक्टर त्यावरच चालतात. नुसतं 'रोज होत नाही' म्हणजे आजार नव्हे, हेही त्यांनी समजावलं. कुणाला दिवसातून तीनदा होते, कुणाला आठवड्यातून तीनदा. त्रास नसेल तर दोन्ही ठीक.

मग टेबलाच्या काचेखालचा एक तक्ता त्यांनी आप्पांकडे सरकवला. शौचाचे सात प्रकार, चित्रांसकट. इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरातल्या डॉक्टरांनी तयार केलेला हा तक्ता 1997 सालापासून प्रसिद्ध आहे. पहिला प्रकार सुट्या कडक लेंड्यांचा, सातवा निव्वळ पाण्याचा, तिसरा-चौथा चांगला. बाईमाणसापुढे तोंड उघडायला लाजणाऱ्या आप्पांनी काही न बोलता पहिल्या चित्रावर बोट ठेवलं. थोड्या वेळाने सातव्यावरही ठेवलं. मॅडम पुढे झुकल्या. "आप्पा, हे दोन्ही होतं? मधेच पाण्यासारखं?" होय म्हणाले. जुलाब समजून मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळीही आणून घेतली होती, हे मला तिथेच कळलं.

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं, कंपाउंडर दादांना आत बोलावलं, पडदा ओढला आणि हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने तपासलं. दोन-तीन मिनिटांचं काम. खाली कडक मळाचा गोळा अडकून बसला होता आणि वरचं पातळ त्याच्या कडेने झिरपत होतं. म्हणजे जे जुलाब वाटत होते ते खरं तर कोंडल्याचंच लक्षण होतं, आणि जुलाबाच्या गोळीने ते आणखी कोंडत होतं. त्याच तपासणीत त्यांनी आप्पांना जोर करायला सांगून स्नायू सैल सुटतात की उलटे आवळतात तेही पाहिलं. आवळत असतील तर कितीही औषध दिलं तरी भागत नाही. मग मोठ्या ठिकाणी पाठवून बायोफीडबॅक नावाचा स्नायूंचा व्यायाम शिकावा लागतो. आप्पांचे नीट सुटत होते.

औषधांची पिशवी घेऊन या, असं रिसेप्शनवरच्या ताई आधीच सांगतात. त्याचं कारण पुढे कळलं. मॅडमनी पिशवी टेबलावर पालथी केली आणि एकेक पट्टी उचलून दोन ढीग लावले. डावीकडे राहू द्यायच्या, उजवीकडे पोट बांधणाऱ्या. गुडघ्यासाठीची ट्रामाडॉलची गोळी उजवीकडे, कारण अफूच्या कुळातली औषधं आतड्याची हालचाल मंदावतात. कधीतरी अशक्तपणासाठी सुरू झालेली लोहाची गोळी उजवीकडे. कॅल्शियम उजवीकडे. सर्दीची झोप आणणारी गोळी, जी आप्पा रोजच घ्यायचे, तीही उजवीकडे. प्रत्येक गोळी वेगळ्या डॉक्टरने दिलेली, आणि बंद कधी करायची हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. हे ढीग पाहताना मला रडू आलं. इतकी वर्षं हा माणूस पोट बांधणारी औषधंही घेत होता आणि पोट सोडणारं चूर्णही.

तपासण्या मोजक्याच लिहिल्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, कॅल्शियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. सगळं ठीक आलं. मग लोह थांबलं आणि ट्रामाडॉलच्या जागी साधी पॅरासिटामॉल आली. कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून बघण्याचं, मी स्वतः विचारलं. त्यांचं उत्तर स्पष्ट होतं. शौचातून रक्त, आपोआप घटलेलं वजन, कमी झालेलं रक्त, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय, यातलं एक जरी असतं तर त्याच दिवशी चिठ्ठी दिली असती. आप्पांची तक्रार जुनी आणि बाकी काही नाही. पुढे यातलं काही दिसलं तर लगेच या, हे केस पेपरवर लिहूनही दिलं.

उपचारांचा क्रमही ठरलेला होता. आधी अडकलेलं मोकळं करायचं. क्रिएटिनिन पाहिल्याशिवाय एनिमा नाही म्हणाल्या, कारण वयस्कर माणसाला फॉस्फेटचा एनिमा कधीकधी जिवावर बेतू शकतो. गुदद्वारात ठेवायची ग्लिसरीनची कांडी आणि पाण्यात विरघळणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर सुरुवातीला जास्त प्रमाणात, मग रोज 17 ग्रॅम पेलाभर पाण्यात. ही पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, म्हणून मळ मऊ राहतो. सवय लागेल का, असं आप्पांनी काळजीने विचारलं. नाही लागत, बरेच महिने घेता येते, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. चूर्णालाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. रोजचं बंद करा, दोन-तीन दिवस काहीच झालं नाही तर तेवढ्यापुरतं घ्या, म्हणाल्या.

इसबगोल मात्र मोकळं झाल्यावरच, एका चमच्यापासून सुरू करून आणि भरपूर पाण्याबरोबर. अडकलेल्या पोटावर इसबगोल ढकललं तर आणखी गच्च होतं. घराघरात इसबगोलचा डबा असतो, पण ही गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. जेवणात दिवसाला 25 ते 30 ग्रॅम तंतू जावेत हे ध्येय, पण एकदम नको, नाहीतर पोट फुगतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी होतीच. आता मोडाची मटकी आणि पेरू वाढला. नुसतं पाणी ढोसून उपयोग नाही, हेही त्यांनी सांगितलं. पाणी कमी पडत असेल त्यालाच त्याचा फायदा.

मला सगळ्यात पटली ती कमोडची गोष्ट. गुडघ्यांमुळे आम्ही कमोड बसवून घेतला होता. त्यावर पाय खाली सोडून बसलं की शेवटचा मार्ग वाकडाच राहतो. पायाखाली वीतभर उंचीचा पाट घेऊन जरा पुढे झुकलं की तो सरळ होतो. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतडं आपणहून हलतं, तेव्हा जाऊन बसायचं. दहा मिनिटं, फार तर. कुंथायचं नाही. नाही झालं तर उठायचं. आम्ही घसरू नये म्हणून पाटाखाली रबर लावून घेतलं आणि भिंतीला दांडी बसवली.

आता आप्पा तक्त्यातल्या तिसऱ्या-चौथ्यावर असतात. पावडर निम्म्यावर आली आहे. परवा स्वतःहून मला म्हणाले, "सूनबाई, आज बरं वाटतंय."

उणिवाही सांगते. फोनवर नंबर लागत नाही, जाऊनच लावावा लागतो. मॅडम प्रत्येकाला वेळ देतात, त्यामुळे संध्याकाळी दीड-दोन तास सहज जातात आणि बाकडी दोनच. दारात तीन पायऱ्या आहेत, कठडा नाही. दवाखान्यातलं शौचालय भारतीय पद्धतीचं आहे, धरायला दांडी नाही. अशा तक्रारींचे म्हातारे पेशंट जिथे रोज येतात तिथे हे आधी व्हायला हवं. मॅडमना मी बोलले, घरमालकाशी बोलते म्हणाल्या.

फी 200 रुपये. सकाळी गर्दी कमी असते. औषधांच्या सगळ्या पट्ट्या न्या, चूर्णाची डबीसुद्धा. आणि रक्त पडत असेल, वजन उतरलं असेल किंवा पोट फुगून उलट्या होत असतील, तर नंबर लावतानाच ताईंना सांगा. अशा पेशंटला त्या रांगेत बसवत नाहीत.